ओळीतली शेवटची

१

दीपालीनं खेडच्या बाजारातून पांढरे बूट आणले होते. धरणाच्या कडेनं सड्यावर जायचं तर म्हणे बूट हवेत. मुंबईची माणसं असेच घालतात, मोबाइलमध्ये दिसतात. ते घालून ती उजाडताच जनीच्या अंगणात येऊन उभी राहिली. जनीनं चुलीपुढून मान वर करून तिच्या पायांकडं बघितलं.

"हे काय गो? चुन्याच्या डब्यात पाय घातलास?"

"ट्रेकला जातो ना आपण, वयनी."

"ट्रेक तुझ्या बापानं केलान होता कधी? आपण वाघजाईला जातो. दरसाल जातो. देवीपुढं ते काढून ठेवायचे म्हणजे झालं."

दरसाल पौषात, भात झोडून कणगीत पडलं नि पेंढ्याची उडवी रचून झाली, की एक दिवस घराला कुलूप लावायचं. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं डोंगर चढून सड्यावरच्या वाघजाईला जायचं. ओटी भरायची, गाऱ्हाणं घालायचं, भाकरी खायची, दुसऱ्या अंगानं उतरून धरणाच्या भिंतीवरून घरी यायचं. डोक्यावर ओझं नाही, मागं पोर नाही, पुढं नवरा नाही. वर्षातला तेवढाच एक दिवस पाय स्वतःसाठी चालायचे.

जायच्या तिघी. जनी, दीपाली नि सावित्री. यंदा सावित्री नव्हती.

झोडणीच्या दिवसांत खळ्यातच सावित्री कलंडली होती. अर्धं अंग गेलं. खेडला नेलं, तिथून मुंबईला न्यायला सांगितलं, मुलगा नितेश गाडी करून आला नि घेऊन गेला. तेव्हापासून ती तिकडं इस्पितळात डोळे मिटून पडली होती. नितेशचा फोन दीपालीच्या मोबाइलवर यायचा. "आई तशीच आहे," एवढंच सांगायचा. सावित्रीच्या घराची किल्ली जनीच्या कनवटीला होती नि सावित्रीची म्हैस जनीच्या गोठ्यात.

"तिच्याबिगर जायचं?" दीपालीनं आदल्या दिवशी विचारलं होतं.

"तिच्यासाठीच जायचं. देवीला विचारते, बाईला उठवतेस की नाय? काय ते एक सांग म्हणते. असं लोंबतं ठेवायला ती काय दोरीवरचं लुगडं हाय?"

जनी असं तोडून बोलायची. पण सावित्रीच्या अंगणातला कचरा ती रोज काढायची. ओटीवर दिवा लावायची. लेकरू शाळेतून यायच्या वेळेला आई बघते तशी त्या बंद दाराकडं बघायची.

२

या डोंगरातली वाट एका माणसाची आहे. एका अंगाला करवंदीच्या जाळ्या, दुसऱ्या अंगाला उतार नि खाली धरणाचं पाणी. दोघी शेजारी चालू म्हणाल्या तर एक पाण्यात जाईल. त्यामुळं इथल्या बायका पहिल्यापासून ओळीनं चालतात. कवळ तोडायला जायचं, पाल्याचा भारा बांधायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा. भारा डोक्यावर असला की मान वळत नाही. मागची आहे की पडली, पुढचीला दिसत नाही.

म्हणून एक रीत आहे. कुणी सांगितलेली नाही, कुठं लिहिलेली नाही. पुढची बोलत राहते, काय वाटेल ते, आणि ओळीतली शेवटची हुंकार देते. "हूं" ऐकू आलं की ओळ शाबूत. नाही ऐकू आलं तर सगळ्यांनी थांबायचं. शेवटचीचे पाय दुखत असतील तर ओळ तिच्या चालीनं चालते. ओझं नसलं तरी ही सवय जात नाही. बिनभाऱ्याच्या या वाटेवरसुद्धा जनीची मान कधी वळली नव्हती.

पुढं जनी, मध्ये दीपाली, शेवटी सावित्री. कितीतरी वर्षं हेच. जनीला बोलायला लागायचं नि सावित्रीला ऐकायला. सावित्री कुणाचंही बोलणं हुंकार दिल्याशिवाय ऐकायची नाही. रेडिओलासुद्धा द्यायची. एक श्वास जाऊ द्यायची, मग नाकातनं, जरा वर चढवून, "हूं". फक्त खोट्याला द्यायची नाही. जनीचा नवरा मुंबईहून गणपतीला आला की साहेब आपल्याला विचारल्याशिवाय सही करत नाही वगैरे सांगायचा. तेव्हा सावित्री ओटीवर बसून गप्प सुपारी कातरायची. तो वैतागायचा. "ही बाई ऐकत्ये की नाय?" जनी म्हणायची, "ऐकत्ये म्हणूनच गप्प हाय."

या खेपेला धरणाचं पाणी खाली राहिलं, वाट अरुंद झाली, नि दीपाली आपोआप जनीच्या मागं लागली. जनी बोलायला लागली. म्हशीचं सांगितलं. नवीन सरपंचाला शिव्या दिल्या. पाणी खाली निळं नि सपाट होतं, ऐनाची पिवळी पानं वाटेवर पडली होती. मागून वेळच्या वेळी हुंकार येत होता.

बराच डोंगर चढल्यावर जनीच्या मनात आलं, दीपाली सुधारली. ही पोर एरवी ऐकून घेणाऱ्यातली नाही. एक वाक्य बोलावं तर तीन प्रश्न विचारते. आज कशी शहाण्यासारखी हूं देते. एक श्वास जाऊ देते, मग देते.

"शिकलीस गो," जनी पुढं बघतच म्हणाली.

"काय शिकले?"

"काय नाय. चल."

३

सड्यावर वारा होता. काळा कातळ, त्यावर वाळलेलं गवत, मध्ये एक किंजळीचं झाड नि झाडाखाली वाघजाई. वाघजाई म्हणजे शेंदूर फासलेला दगड. देऊळ बांधायचं दर निवडणुकीला ठरतं.

दीपालीनं बूट काढले. जनीनं ओटी भरली, नारळ ठेवला, पदर डोक्यावर घेतला नि गाऱ्हाणं घातलं.

"हे बाय माजे वाघजाई, आज तुज्या पायाशी तुजी लेकरं आली हायत."

"होय बाय," दीपाली म्हणाली.

"एक लेकरू तिकडं मुंबईत निजलंय. ना धड हिकडं ना धड तिकडं. तिनं तुजी ओटी कधी चुकवली नाय. तिनं कुणाचं वाईट केलं नाय. मी केलं असेल, मला विचार. तिला मोकळी कर. उठव तरी नायतर ने तरी."

दीपाली "होय बाय" म्हणायची थांबली. "वयनी, असं कुणी मागतं?"

"मग कसं मागतात? नळ्या लावून वर्षभर ठेव म्हणून?" जनीचा आवाज फाटला. तिनं नारळ कातळावर असा आपटला की पाणी दोघींच्या तोंडावर उडालं. "बरं, उठव. उठव म्हणते. झालं?"

"होय बाय," दीपाली हळूच म्हणाली.

मग दोघी समोरासमोर बसल्या. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. पाणी इथून खाली पूर्ण दिसत होतं, एवढं मोठं पाणी नि एक होडी नाही. दीपालीनं मोबाइल वर धरून बघितला. सड्याच्या या अंगाला रेंज नसते, भिंतीवर गेल्यावर येते, हे तिला माहीत होतं, तरी बघितला.

जनीला गप्प बसवेना. ती म्हशीची गोष्ट पुन्हा सांगायला लागली.

"पहिले दोन दिवस पान्हाच सोडीना. लाथा मारी. मग मी काय केलं, सावित्रीचं जुनं लुगडं काढलं, तिच्या दांडीवरचं, नि अंगाला गुंडाळून धारेला बसले. तर सोडलान की गो पान्हा!"

"हूं," आवाज आला.

जनी दीपालीकडं बघत होती. दीपालीचं तोंड भाकरीनं भरलं होतं. दोन्ही गाल फुगलेले, ओठ मिटलेले, हनुवटीला चटणी. त्या तोंडातून हूं काय, श्वास निघाला नसता.

दीपालीचं चावणं थांबलं. ती जनीच्या ओठांकडं बघत होती.

दोघींनी एकमेकींकडं तसंच बघितलं. मग दीपालीनं तो घास मोठ्या कष्टानं गिळला.

"तुम्ही दिलात ना?" ती म्हणाली.

"मी बोलत होते. बोलणारी कधी हूं देते?"

"मग सकाळपासून..."

"सकाळपासून तू देत होतीस."

दीपालीनं मान हलवली. "मला वाटलं, तुम्हीच देताय. सवयीनं. सावित्रीकाकी नाय म्हणून."

४

जनी शाळेत चौथीपर्यंत गेली होती, पण डोकं गहाण टाकणाऱ्यातली नव्हती. वारा आहे, ती मनात म्हणाली. किंजळीच्या ढोलीत वारा शिरला की घुमतो. पलीकडच्या डोंगराला कूऽ घातली की कूऽ परत येते, लहानपणापासून घालतो आपण. पण परत यायला आधी कुणीतरी घालावी लागते. वाऱ्याला गोष्ट कुठं संपते ते कळत नाही. आणि वारा एक श्वास थांबून मग नाकातनं बोलत नाही.

भुताला ती भ्यायची नाही. स्मशानाच्या कडेनं शेणी वेचल्या होत्या तिनं. तिला भीती वेगळीच वाटली. हातातली भाकरी तिनं तशीच फडक्यात बांधली.

ती भीती दीपालीनं बोलून दाखवली. डोळे भरून आले होते तिचे.

"काकी इथं हाय, तर मग तिकडं... गेली काय गो, वयनी?"

"गप."

"पण बाई दोन ठिकाणी कशी असेल?"

"गप म्हटलं ना. भिंतीवर जाऊ. फोन लागला की कळेल. आधीच रडायला बसू नको, रडायची पाळी आली तर आपल्याला कुणी अडवणार नाय."

उठताना दोघींनाही मागं बघता आलं असतं. सडा मोकळा होता. जनीनं ओटीची पाटी उचलली, उगाच डोक्यावर घेतली. पाटीत काही नव्हतं, एक नारळाची कवड नि अर्धी भाकरी. पण डोक्यावर काही असलं म्हणजे मान न वळण्याला कारण असतं. दीपाली तिला अगदी चिकटून चालायला लागली, पदराचं टोक मुठीत धरून.

"बोलू नका तुम्ही," ती कुजबुजली. "बोललात तरच येतं."

जनी गप्प राहिली. बुटांचा आवाज, गवताचा आवाज, लांब कुठं तरी गुरांची घंटा. उतार लागला. आणि ही शांतता जनीला सोसवेना. मागं कुणी असेल तर तिला काय वाटत असेल? ओळीतली पुढची गप्प झाली म्हणजे काय समजायचं शेवटचीनं? अशा उतारावर पाल्याच्या भाऱ्याखाली जनी कितीदा घाबरली होती, तरणी होती तेव्हा, आणि मागून तो हुंकार आला की पाय घट्ट व्हायचे. आता तिच्या लक्षात आलं की आपण हळू चालतोय. सावित्रीचा उजवा गुडघा उतारावर दुखायचा. तिच्यासाठी जशी चाल धरायची, तशी पायांनी आपली आपण धरली होती.

तिनं तोंड उघडलं. मुद्दाम खोटं बोलली.

"सावित्रे, तुजी म्हैस मी विकली गो. व्यापाऱ्याला दिली."

काही नाही. गवत वाजलं.

"नाय गो. गोठ्यात हाय. पेंढा खात्ये."

एक श्वास गेला.

"हूं."

पदराचं टोक ताणलं गेलं. दीपाली जोरात रडत होती नि आवाज होऊ नये म्हणून तोच पदर तोंडात कोंबत होती. जनीच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. तिला वाटलं होतं की अंगावर काटा येईल. त्याऐवजी बरं वाटलं. दार उघडं टाकून गेलेलं माणूस घरात आलं की वाटतं तसं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

५

उतार संपतो तिथं वाट पाण्याला अगदी टेकते. पावसाळ्यात हा तुकडा बुडलेला असतो. पौषात लाल मातीची कड उघडी पडते, चिखल वाळून कडक होतो. दुपार कलली होती, वारा सड्यावरच राहिला होता, पाणी काचेसारखं. डोंगर उलटा त्यात, आकाश त्यात, आणि कडेनं चालणाऱ्या बायका त्यात.

जनीनं ठरवलं होतं की बघायचं नाही. पण पाणी डाव्या अंगाला होतं, मान वळवावी लागली नाही. नजर गेली.

आधी तिला पाटी दिसली, स्वतःची. मग दीपालीचे बूट, पांढरे, एकामागून एक पडणारे. त्यानंतर मोकळी जागा, एका माणसाच्या अंतराची, ओळीत असते तेवढी. आणि मग एक हिरवट काहीतरी. लुगडं नव्हतं. पोलकं नव्हतं. झग्यासारखं, सैल, बाजूला नाड्या लोंबणारं. उजवा पाय जपून टाकणारं. त्याच्यावर डोकं होतं, आणि डोक्यावर केस नव्हते.

पाण्यात कुठं मासा उडाला नि सगळं मोडलं.

जनीचं पाऊल क्षणभर अडलं, मग ती चालत राहिली. तिनं दीपालीला सांगितलं नाही. सावित्रीचे केस गुडघ्याएवढे नसतील, पण कमरेखाली होते. नवरा गेला तेव्हाही तिनं कापू दिले नव्हते. सासू ओरडली, भावकी ओरडली, ही दारात कोयती घेऊन बसली होती. त्या बाईला जनी बोडक्या डोक्याची का बघेल? मनात असेल ते दिसतं म्हणतात. हे तर मनात नव्हतं. हे कुठून आलं?

"वयनी, काय झालं? थांबलात का?"

"थांबले नाय. पायाखाली दगड आला."

६

धरणाच्या भिंतीवर रस्ता रुंद आहे, जीप जाते. तिथं येताच दीपाली पुढं सरून जनीच्या बाजूला आली नि तिनं तिचा दंड धरला. दोघी शेजारी झाल्या, तरी मागं बघितलं नाही. जनीनं विचार करूनच बघितलं नाही. बघितलं नि कुणी नसलं, तर ती गेलीच. बघितलं नि असलं, तर मग बघितलेल्याचं पुढं काय करायचं?

मोबाइल वाजायला लागला. एकदम, जीव नसलेल्या वस्तूत जीव आल्यासारखा. रेंज आली होती. दीपालीनं नाव बघितलं. तिचे ओठ पांढरे झाले.

"नितेश हाय. मला नाय बोलवत. तुम्ही घ्या."

"उचल. बटण दाब नि दे."

नितेशचा चेहरा आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. जनीनं मनाची तयारी केली. तो रडतोय असं तिला वाटलं, पण तो हसत होता.

"काकी! दुपारपासनं लावतोय तुमाला. आई उठली! काकी, आई उठून बसली! दुपारी डोळे उघडलेन, पाणी मागितलंन, आता पेज प्यायली. डॉक्टरपण बघायला लागले. अर्धं अंग गेलं होतं ना? दोनी हात हलवते! चालली चार पावलं. रविवारी घरी सोडतायत."

दीपाली मटकन भिंतीच्या कठड्यावर बसली नि हसत रडायला लागली. "वाघजाय पावली! वयनी, पावली! मेलं ते हूं नि बिं, आपणच येड्या!"

जनीलाही हसू आलं. दुपारी म्हणजे त्या नारळाच्या वेळेला. देवीच्या नावानं हात जोडावे म्हणून तिनं हात उचललेसुद्धा.

"आईशी बोला," नितेश म्हणाला नि त्यानं फोन फिरवला.

खाटेवर सावित्री बसली होती. हिरवट झगा, बाजूला नाड्या. डोकं भादरलेलं, एका अंगाला पट्टी.

"केसांचं मी तुमाला सांगितलं नव्हतं," नितेशचा आवाज आला. "ऑपरेशनला काढले. तुमी रडाल म्हणून नाय सांगितलं."

जनीचे जोडायला निघालेले हात जागीच राहिले.

"जने," खाटेवरची म्हणाली. आवाज सावित्रीचा. हसणं सावित्रीचं, वरचा एक दात पुढं आलेला. "मी बरी हाय गो. येते रविवारी."

"ये गो बाय," जनी म्हणाली. "ये. तुजी म्हैस बरी हाय. माज्याकडं हाय." ती थांबली. एक श्वास गेला. खाटेवरचीनं काही म्हटलं नाही. "तुजं लुगडं गुंडाळून धार काढते, नायतर देत नाय मेली." पुन्हा थांबली. "भात तुजं झोडून कणगीत टाकलं. ओटी सारवली परवा. कोंबडीनं अंडी घातली ती दीपालीनं खाल्ली."

खाटेवरची ऐकत होती. ओठ मिटलेले, डोळे उघडे. फार लक्ष देऊन ऐकत होती. शाळेत मास्तर कविता म्हणतात नि पोर ती पाठ करायला बघतं, तसं. एकदाही हूं आलं नाही.

आणि जनीच्या पाठीमागून, भिंतीच्या रस्त्यावरून, प्रत्येक वाक्याला येत होतं. म्हशीला. लुगड्याला. कणगीला. अंड्यांना आलं तेव्हा त्यात हसू होतं.

दीपालीचं रडणं थांबलं.

माणूस आजारातून उठलं की बदलतं, जनीनं स्वतःला सांगितलं. डोक्याचं ऑपरेशन झालंय बाईचं. हूं द्यायचं विसरली असेल. आपल्या आतेला असं झालं होतं, मीठ कुठलं नि साखर कुठली ते विसरली होती, पण आते ती आतेच होती. हे सगळं खरं होतं. ती ते मनात म्हणत राहिली.

फोनच्या कोपऱ्यात आपलं आपल्याला छोटं चित्र दिसतं, हे तिला ठाऊक होतं. आपलं आणि आपल्या मागचं. तिनं अंगठा त्यावर ठेवला नि दाबून धरला.

खाटेवरचीची नजर हलली. जनीच्या तोंडावरून ती जरा बाजूला गेली, खांद्यावरून मागं. हसणं तसंच राहिलं, डोळे तेवढे बारीक झाले.

"जने," ती गोड आवाजात म्हणाली, "तुज्या मागं कोण उभं हाय?"

जनीनं आयुष्यात सासूला खोटं सांगितलं नव्हतं, तलाठ्याला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर तोंडावर खरं सांगून मार खाल्ला होता.

"कोण नाय," ती म्हणाली. "मी नि दीपाली. दोघीच हाव."

मागून हूं आलं नाही.

"रविवारी येते," खाटेवरची म्हणाली. "माजं घर उघडून ठेव."

७

भिंत उतरल्यावर पुन्हा पायवाट, बांधावरची. घरं दिसायला लागली होती, कुणाच्या तरी चुलीचा धूर वर चढत होता.

दीपालीनं जनीचा दंड सोडला नव्हता. तिचा चेहरा पार उतरला होता, पण डोळ्यांत काहीतरी ठाम होतं. पोरं असलेल्या बाईच्या डोळ्यांत असतं तसं.

"वयनी, ऐका माजं. आता बोलू नका. गावाच्या वेशीपर्यंत गप्प चला. बोललात नाय तर हूं येणार नाय. वाट चुकेल नि जाईल जिथली तिथं. काकी बरी झाल्ये. नितेश किती हसत होता बघितलात ना? त्या पोराला किती दिवसांनी हसताना बघितलं."

"बघितलं."

"मग ती काकी हाय. रविवारी येईल. आपण पेढे वाटू. बाकीचं आपण काय ऐकलं नाय."

जनी उभी राहिली. दीपाली बरोबर बोलत होती. गप्प बसणं केवढंसं काम? गप्प बसलं की झालं. अंधार पडायला लागेल, मागची पुढचीचा आवाज शोधेल, न सापडून उभी राहील. गुडघा धरून. रीतीप्रमाणं उभीच राहील, कारण आवाज थांबला की थांबायचं असतं. आणि पुढच्या बायका घरी जाऊन पेढे वाटतील. नितेशला आई मिळेल. कदाचित तीच आई असेल. जनीला कोण विचारणार? ती काय देवी आहे, ही खरी नि ती खोटी म्हणायला?

पण एवढी वर्षं भाऱ्याखाली मान मोडून चालताना एक गोष्ट तिला कळली होती. ओळ कशाला असते, ते.

"तू हो पुढं," ती दीपालीला म्हणाली. "पोरं वाट बघत असतील. बूट हातात घे, बांध ओला हाय."

"वयनी, नको ना."

"जा म्हटलं. सकाळी ये, ताक देते."

दीपाली गेली. दोनदा वळून बघायचं तिच्या मानेत आलं नि दोनदा तिनं ते मोडलं. तिचे पांढरे बूट हातात हलत हलत घरांमध्ये दिसेनासे झाले.

जनीनं रिकामी पाटी सारखी केली नि चालायला लागली. सावकाश, उजव्या गुडघ्याच्या बाईला झेपेल असं.

"बांधावर जपून ये गो," ती म्हणाली. "भोंब्याच्या पोरानं मधोमध पाट खणून ठेवलान. सांगितलं त्याला, तर म्हणतो सरकारी योजना हाय."

"हूं."

"आपल्या अंगणात पेंढा पसरलाय. गोठ्याच्या बाजूनं जाऊ. म्हशीला तुजा वास आला तर हंबरेल, घाबरू नको."

"हूं."

म्हैस हंबरली नाही. ती पार मागच्या भिंतीला जाऊन चिकटली नि दावं ताणून उभी राहिली. जनीनं ते बघितलं आणि तरी आपल्या दाराचं कुलूप काढलं.

शेजारी सावित्रीचं घर कुलपात उभं होतं. त्याची किल्ली कनवटीला होती. ते दार रविवारी उघडायचं होतं, दुसऱ्या कुणासाठी. जनीनं आपलं दार सताड उघडलं, उंबऱ्यापासून बाजूला झाली, आणि तोंड तुळशीकडं करून उभी राहिली. बराच वेळ. अंगाला घासून काहीतरी गार गेलं, औषधाचा वास घेऊन. मग आत पाट सरकल्याचा आवाज झाला.

ती आत गेली, दिव्याचं बटण दाबलं नाही. चुलीपुढं बसली, पाठ पाटाकडं करून. लाकडं पेटवली. सकाळचं उरलेलं पिठलं गरम केलं. दोन ताटल्या घेतल्या, एक हात मागं करून एक ताटली सरकवली. ती सरकत गेली नि कुठंतरी थांबली.

"खा," जनी म्हणाली. "तिकडं नुसतं पाणी चढवत असतील."

"हूं."

लाकूड तडतडलं. जनीच्या मनात एक प्रश्न धरणाच्या भिंतीपासून वळवळत होता. तो तिनं भिंतीवर, मोबाइलवर, दीपालीपुढं कुठंच काढला नव्हता. आता घरात होती. आपल्या माणसाजवळ होती. पुढंच बघत, निखाऱ्यांकडं, तिनं विचारला.

"रविवारी ती येणार. तुज्या घरात राहणार, तुजं लुगडं नेसणार, नितेश तिला आई म्हणणार. हाकेच्या अंतरावर मी. मी काय करू, सावित्रे? ती विहिरीवर आली नि माज्याशी बोलायला लागली, तर मी तिला हूं देऊ काय गो?"

एक श्वास गेला. मग दुसरा.

वाढून उरलेलं पिठलं चुलीवर करपायला लागलं होतं. जनीनं ते उतरवलं नाही. ती उत्तराची वाट बघत बसून राहिली, नि मागं पाटावर, हळूहळू, कुणीतरी रडायला लागलं.